विहीणबाईंची भाषा कुठे शिकायला मिळते?

आमच्या विहीणबाई टोरांटोत राहतात आणि मॅसेडोनियन बोलतात. त्यांचा जन्म १९४२चा. पूर्वी कामापुरतं इंग्रजी येत असे. अर्धांगाचा झटका आला, त्यातून उठल्या, हिंडूफिरू लागल्या, पण इंग्रजी जवळजवळ गेलंच. लहानपणी जे तोंडात बसलं होतं तेवढं राहिलं. जावयांना आईची भाषा समजते, पण ते उत्तर इंग्रजीत देतात. लेकीला दहा-वीस शब्द येतात. नात साडेतीन वर्षांची.

मागच्या वर्षी सहा महिने लेकीकडे जायचं ठरलं. लेक-जावई दोघंही दिवसभर कामावर. म्हणजे घरात विहीणबाई, नात आणि मी. काय दुखतंय, गोळी घेतली का, वरण-भात खाल का, एवढंही मला त्यांना विचारता येणार नव्हतं. म्हणून जाण्याआधी आठ महिने बडोद्यात बसून ही भाषा शिकायला घेतली. वय एकोणसत्तर. नोकरीत असताना मी शाळेत संस्कृत शिकवत होते, तेवढीच काय ती शिदोरी.

आता भेटणारी मंडळी दोन प्रश्न विचारतात. "या वयात कशाला?" याचं उत्तर वर आलंच. "पण शिकलात कशातून?" हा दुसरा प्रश्न खरा मोठा आहे. आपल्यापैकी बऱ्याच घरांत आता परभाषेच्या सुना आणि जावई आहेत. त्यातल्या काहींच्या भाषा अशा, की ज्यांची पुस्तकं कुठल्याच दुकानात नसतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते.

फ्रेंच, जर्मन शिकायचं म्हटलं की सगळीकडे वर्ग असतात. नातवंडांच्या फोनवर ते हिरवं घुबड, डुओलिंगो, असतं. त्यावर मॅसेडोनियन नाही. गंमत म्हणजे त्यावर मराठीही नाही. आठ कोटींहून जास्त लोकांची आपली भाषा आणि जेमतेम वीस लाखांच्या आसपास लोकांची त्यांची, दोघी एकाच बाकावर बसलेल्या. ते बघून मला जरा बरंच वाटलं. बाजारात मागणी नसली की भाषा लहान ठरते, बोलणारे किती आहेत हे कुणी मोजत नाही.

शोधायला बसलं की पहिली अडचण नावाची. इंग्रजीत 'मॅसेडोनियन' लिहिलं की सिकंदर समोर येतो. सिकंदराच्या काळच्या मॅसेडोनियाचा आणि आजच्या या भाषेचा काही संबंध नाही. आजची भाषा स्लाव्ह कुळातली, म्हणजे रशियन, पोलिश, सर्बियन, बल्गेरियन यांची बहीण. उत्तर मॅसेडोनिया या देशाची ती राजभाषा. देशाच्या नावावरून ग्रीसशी मोठा वाद होता. २०१८च्या करारानंतर, २०१९मध्ये देशाचं नाव 'उत्तर मॅसेडोनिया' झालं. भाषेचं नाव मात्र 'मॅसेडोनियन' असंच राहिलं. बल्गेरियातले पुष्कळ लोक ती आमचीच बोली आहे असं म्हणतात. भाषा की बोली हा वाद आपल्या गोव्याच्या मंडळींना मी काय सांगणार! मी त्यात शिरत नाही. शिकणाऱ्यानं एवढंच ध्यानात ठेवावं, की भाषेचं नाव तिच्याच लिपीत टाकून शोधलं तर घरचा माल हाती लागतो. मराठीचं नाही का तसंच? रोमन अक्षरात शोधा, वेगळं सापडतं. देवनागरीत शोधा, वेगळं.

त्यांची लिपी सिरिलिक. पण रशियन, सर्बियन, बल्गेरियन या सगळ्याच सिरिलिकमध्ये लिहितात, मग समोरचं पान मॅसेडोनियनच आहे हे ओळखायचं कसं? यालाही खूण आहे. क आणि ग यांच्या अक्षरांवर छोटी तिरपी रेघ मारलेली दोन अक्षरं फक्त मॅसेडोनियनमध्येच आहेत. ती दिसली की घर बरोबर सापडलं. आपण नाही का, देवनागरीत 'ळ' दिसला की हे हिंदी नव्हे असं लगेच ओळखतो, तसं.

एकूण अक्षरं ३१, आणि जसं लिहावं तसंच वाचावं. देवनागरीत वाढलेल्या माणसाला हे चार दिवसांचं काम. पुढे तर मला मोठी मौज सापडली. आपण 'चोर' आणि 'चिंच' यांतले दोन वेगळे च एकाच अक्षरानं लिहितो. 'जाळं' आणि 'जेवण' यांतले दोन ज सुद्धा एकाच अक्षरानं. मॅसेडोनियनमध्ये या चारही उच्चारांना चार स्वतंत्र अक्षरं आहेत. 'जाळ्या'तल्या ज चं अक्षर तर हुबेहूब इंग्रजी एससारखं दिसतं. भिंत म्हणजे 'जिद', पण ज जाळ्यातला. इंग्रजी पुस्तकं या उच्चारांवर अर्धं पान खर्च करतात. मराठी माणसाच्या जिभेवर ते आधीपासून आहेत, कुणी सांगावं लागत नाही.

आता पुस्तकं. इंग्रजीतून शिकायचं तर मुख्य पाठ्यपुस्तक एकच, क्रिस्टिना क्रेमर या बाईंचं. त्या टोरांटो विद्यापीठात स्लाव्ह भाषांच्या प्राध्यापिका होत्या. पुस्तक विस्कॉन्सिन विद्यापीठानं छापलं, आणि २०११च्या तिसऱ्या आवृत्तीला लिलियाना मित्कोव्स्का या सहलेखिका आहेत. संवाद, व्याकरण, स्वाध्याय, सगळं आहे. लेकीनं ते टोरांटोहून पाठवलं. रोज सकाळी पूजा आटोपली की एक पान, असा नेम धरला.

दुसरं, व्हिक्टर फ्रीडमन या शिकागोच्या भाषाशास्त्रज्ञांनी लिहिलेलं छोटं व्याकरण. ते इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं. भाषा जरा जड, पण ज्यानं कधी लघुकौमुदी हातात धरली आहे त्याला त्याची भीती वाटू नये. तिसरं, होरेस लंट या अमेरिकन पंडितांचं व्याकरण, १९५२ साली स्कोप्येत छापलेलं. स्कोप्ये म्हणजे तिथली राजधानी. मदर तेरेसांचा जन्म याच गावचा, १९१०चा. आपल्याकडच्या पुष्कळांना या देशाची तेवढीच ओळख असते.

एवढ्या कमी पुस्तकांचं कारणही समजून घेतलं पाहिजे. या भाषेत बोलणारे जुने, गाणी जुनी, पण प्रमाण लेखन अगदी अलीकडचं. १९०३ साली क्रस्ते मिसिरकोव या माणसानं सोफियात एक पुस्तक छापून मांडलं, की आमच्या भाषेला स्वतःचं लेखी रूप असावं. त्याच्या बहुतेक प्रती नष्ट करण्यात आल्या. पुढे २ ऑगस्ट १९४४ रोजी, महायुद्ध चालू असताना, प्रोहोर प्चिन्स्की नावाच्या मठात सभा भरली आणि ही भाषा राजभाषा म्हणून जाहीर झाली. ३ मे १९४५ला लिपी ठरली, ७ जूनला लेखनाचे नियम. त्या कामात ब्लाझे कोनेस्की हा तेवीस वर्षांचा तरुण होता. पुढे तो मोठा कवी झाला, आणि भाषेचं व्याकरणही त्यानंच लिहिलं, १९५२ आणि १९५४ साली दोन भागांत. म्हणजे हिशेब केला तर आमच्या विहीणबाई आपल्या भाषेच्या लिपीपेक्षा तीन वर्षांनी मोठ्या!

आणखी एक सांगते, तरुण मंडळींसाठी. स्कोप्येचं विद्यापीठ १९४९चं, आमच्या सयाजीराव विद्यापीठाच्याच वयाचं. ते विद्यापीठ दर उन्हाळ्यात ओहरिद या तळ्याकाठच्या गावी परदेशी लोकांसाठी भाषेचं शिबिर घेतं. हे काम १९६०च्या दशकापासून चालू आहे. जगभरचे लोक तिथे येतात. माझे गुडघे तेवढा प्रवास झेपू देणार नाहीत, पण लेकीच्या मनात जायचं आहे.

पुस्तकाबाहेरची साधनं मी अशी गोळा केली. मॅसेडोनियनचा एक मोठा डिजिटल शब्दकोश फुकट आहे, त्यात शब्दाची सगळी रूपं मिळतात. तातोएबा नावाचा वाक्यांचा साठा आहे. जगभरातली हौशी माणसं तिथे साधी साधी वाक्यं लिहितात आणि एकमेकांच्या भाषेत उलथवतात. तिथे मॅसेडोनियनचा साठा चांगला आहे, आणि मराठीचाही. पगार न घेता कुणीतरी रात्री बसून 'माझी छत्री कुठे आहे' हे लिहून ठेवलेलं असतं, आणि ते बडोद्यातल्या एका बाईच्या कामी येतं. ऑस्ट्रेलियात या लोकांची मोठी वस्ती आहे, म्हणून तिथल्या एसबीएस रेडिओवर मॅसेडोनियन कार्यक्रम असतो. त्याच रेडिओवर गुजरातीही आहे. मी आधी गुजराती बातम्या ऐकायची, मग मॅसेडोनियन. जगाच्या बातम्या त्याच असल्यानं निम्मा अर्थ आपोआप लागायचा. ही युक्ती कुणीही करून बघावी.

सिनेमाही पाहिले. मिल्चो मानचेव्स्की यांचा 'पावसाआधी' या अर्थाच्या नावाचा १९९४चा चित्रपट आहे, त्याला व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला होता. मधमाश्या पाळणाऱ्या बाईवरचा 'मेदेना झेम्या' हा २०१९चा माहितीपट ऑस्करपर्यंत गेला, जरूर पाहा. पण भाषा शिकण्यासाठी त्याचा उपयोग नाही, कारण त्यातली बाई तुर्की बोलते. त्या भागात अशीच सरमिसळ आहे. मात्र नावातला पहिला शब्द ध्यानात ठेवा. 'मेद' म्हणजे मध.

लोककथा तर हव्यातच. मार्को त्सेपेंकोव नावाचा शिंपी होता, जन्म १८२९. दुकानात बसून गिऱ्हाइकांकडून कथा ऐकायच्या आणि लिहून ठेवायच्या, असं त्यानं केलं. त्यांच्या लोककथांत इतार पेयो नावाचा एक चतुर खेडूत आहे, तो नसरुद्दीन खोजालाही फसवतो. आपला बिरबल म्हणा ना. शिंप्याला त्यांच्याकडे 'तेर्झिया' म्हणतात, फारसीतून तुर्कीत आणि तुर्कीतून तिकडे गेलेला शब्द. म्हणजे आमच्या गुजरातेतला दरजीच तो. अशी कितीतरी ओळखीची माणसं भेटली. 'दुक्यान' म्हणजे दुकान. 'पाझार' म्हणजे बाजार. 'बक्शिश' म्हणजे बक्षिशी. 'शेक्येर' म्हणजे साखर. पिशवीला 'क्येसे' म्हणतात, तो आपला खिसाच.

हे झाले प्रवासात भेटलेले. सख्खे निराळे. नात्यांच्या शब्दांचा धडा वाचला त्या दिवशी मी स्वयंपाक उशिरा केला. सुनेला 'स्नाआ' म्हणतात. संस्कृत स्नुषा, मराठी सून. नवऱ्याच्या भावाला 'देवेर'. संस्कृत देवृ, मराठी दीर. सासऱ्याला 'स्वेकोर', सासूला 'स्वेकर्वा'. श्वशुर आणि श्वश्रू. आणि जावेला 'यात्र्वा'! संस्कृतात यातृ, मराठीत जाऊ. इंग्रजीत या सगळ्या नात्यांना एक 'इन लॉ' जोडून मोकळे होतात. इथे दीर, जाऊ, सासू, सून आपापल्या जागी उभ्या. एवढं लांबचं घर, आणि माजघर ओळखीचं.

व्याकरणातही तेच. तीन लिंगं आहेत, आपल्यासारखीच. मूल म्हणजे 'देते', नपुंसकलिंगी. आपलं 'ते मूल'. लहान मुलगी म्हणजे 'देवोय्चे', तेही नपुंसकलिंगी. गोव्याच्या मंडळींना कोकणीतलं 'तें चेडूं' आठवेल. पुस्तक म्हणजे 'क्निगा'. 'ते पुस्तक' म्हणायचं तर शब्दाच्या शेपटीला जोड लावायची: 'क्निगाता'. माझ्या हातातलं असेल तर 'क्निगावा', पलीकडे दूर असेल तर 'क्निगाना'. हा-तो यांतला आपला फरक त्यांनी नामालाच चिकटवला आहे. जोर बहुधा शेवटून तिसऱ्या अक्षरावर येतो. 'धन्यवाद'ला 'ब्लागोदाराम' म्हणतात, त्यात जोर 'गो'वर. हे एक पक्कं केलं की बोलणं निम्मं कानाला बरोबर लागतं.

पण सगळ्यात उपयोगाला आली ती एक बारीक गोष्ट, फ्रीडमनच्या व्याकरणातली. घडलेली गोष्ट सांगताना मॅसेडोनियन माणसाला क्रियापदाची दोन रूपं उपलब्ध असतात. स्वतः पाहिलेलं, खात्रीचं असेल तर एक. ऐकीव असेल तर दुसरं. 'दोयदे' म्हणजे आला, मी पाहिला. 'दोशोल' म्हणजे आला म्हणे. आपण 'म्हणे' हा शब्द वेगळा जोडतो, त्यांच्याकडे तो क्रियापदातच मुरलेला असतो. पुस्तक वाचताना मला ही नुसती मौज वाटली होती.

टोरांटोला पोचले. विहीणबाईंनी दारात धरून दोन्ही गालांवर मुके घेतले. मी पाठ केलेली चार वाक्यं म्हटली. त्या हसल्या, आणि मग जे बोलल्या त्यातला निम्मा भाग माझ्या पुस्तकात नव्हता.

पुस्तकातला दात 'झाब', त्यांचा दात 'झंब'. पुस्तकातला रस्ता 'पात', त्यांचा 'पंत'. पुस्तकातला हात 'राका', त्यांचा 'रंका'. जावई म्हणाले, "आईचं गावठी आहे, तुमचं पुस्तक बरोबर." मला ते पटेना. संस्कृतात रस्त्याला पंथ म्हणतात आणि दाताला जंभ. म्हणजे जो नाकातला सूर या शब्दांत मुळात होता, तो त्यांच्या गावानं राखला आणि प्रमाण भाषेनं सोडला. व्याकरणाची पुस्तकंही हेच सांगतात. प्रमाण भाषा ठरवताना वेलेस, प्रिलेप, बितोला या मध्य-पश्चिमेकडच्या गावांच्या बोली पायाभूत धरल्या. विहीणबाईंचं गाव कोस्तुर भागातलं, ते तर आता ग्रीसमध्ये आहे. तिथल्या बोलीत तो जुना अनुस्वार शिल्लक राहिला.

हे वाचून आपल्यापैकी कुणाला काही आठवलं का? १९६२च्या लेखननियमांनी मराठीतले न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. पण कोकणात आणि गोव्यात आजही कितीतरी शब्दांत ते कानाला ऐकू येतात. आणि आम्ही बडोदेकर पुण्याला गेलो की आमचं 'फावेल' ऐकून नातेवाईक हसतात. 'तुमचं मराठी गुजराती झालंय' हे वाक्य माझ्या आजीनं ऐकलं, आईनं ऐकलं, मीही ऐकलं. इंदूर, बेळगाव, हैदराबादकडच्या मंडळींनी तर किती वेळा ऐकलं असेल! म्हणून विहीणबाईंचा 'झंब' मी चूक मानला नाही.

मग मी वही घातली. चार रकाने: मराठी, पुस्तकातलं मॅसेडोनियन, विहीणबाईंचं, आणि कधी म्हटलं तो प्रसंग. सगळं देवनागरीत. आणि इथे आपल्या लिपीनं कमाल केली. त्यांच्या बोलीतला तो आखूड, अस्पष्ट स्वर प्रमाण मॅसेडोनियनच्या ३१ अक्षरांत नाही. आपल्याकडे तो साधा 'अ' आहे. वर अनुस्वार द्यायला टिंबही आहे. 'पंत' जसा त्या म्हणतात तसा देवनागरीत उतरतो, त्यांच्या स्वतःच्या लिपीत तो अवघडून बसतो.

वही भरत गेली तसं त्याही खुलत गेल्या. भाजी निवडताना त्या एक शब्द सांगायच्या, मी लिहायची, परत म्हणून दाखवायची. नात मध्ये बसायची. तिचा एक गोंधळ मात्र उडालाच. मॅसेडोनियनमध्ये आजीला 'बाबा' म्हणतात. आणि आमच्या घरात लेक आपल्या वडिलांना बाबा म्हणते. फोनवर बडोद्याहून आमचे हे आले की लेक म्हणायची "बाबांशी बोल", आणि नात धावत विहीणबाईंकडे जायची.

एका दुपारी त्या लहानपणाचं सांगू लागल्या. ग्रीसमध्ये १९३६नंतरच्या हुकूमशाहीत ही भाषा बोलायलाच बंदी होती, घरातसुद्धा दबकून बोलायचं. पुढे तिथे यादवी युद्ध झालं, १९४६ ते १९४९. १९४८ साली युद्धाच्या भागातून २५,०००हून जास्त मुलं सीमेपलीकडे नेली गेली, युगोस्लाव्हिया, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी, रुमानिया अशा देशांत. विहीणबाई त्यांतल्या एक, सहा वर्षांच्या. रात्री चालत निघाले, एक शेजारीण मुलांना सांभाळत होती, आई दाराशी उभी होती, हे सगळं त्यांनी पाहिलेल्या रूपात सांगितलं. मग वडिलांचं नाव निघालं, आणि क्रियापद बदललं. "तात्को झागिनाल."

पाहिलं असतं तर 'झागिना' म्हटलं असतं. 'झागिनाल' म्हणजे मारले गेले म्हणे. कुणी येऊन सांगितलं असेल. पाहिलेलं कुणी नव्हतं. पंचाहत्तर वर्षं झाली तरी ते 'म्हणे' त्यांच्या तोंडून गेलेलं नाही.

मी हे लिहून घेतलं. संध्याकाळी जावयांना वही दाखवली, शेवटच्या अक्षरावर बोट ठेवलं. ते बराच वेळ बघत राहिले. वडिलांचं... म्हणजे आजोबांचं... आईनं हे वाक्य शेकडो वेळा त्यांच्यासमोर म्हटलं होतं. इंग्रजीत त्यांनी ते 'वारले' एवढंच ऐकलं होतं. त्या रात्री ते आईजवळ बसून तिच्या भाषेत बोलले. अडखळत, मध्ये इंग्रजी घालत, पण बोलले.

विहीणबाई पोलंडमध्ये वाढल्या. कमावण्यासाठी परदेशी जाण्याला त्यांच्याकडे 'पेचाल्बा' म्हणतात, आणि त्यांचे एक काका युद्धाआधीच अशा पेचाल्बेवर टोरांटोत गेले होते. त्यांनी पुढे बोलावून घेतलं. कोस्तुर भागातली अशी पुष्कळ घरं टोरांटोत आहेत. १९८२ साली ग्रीसनं निर्वासितांना परत यायची मुभा दिली, पण फक्त जे वंशानं ग्रीक आहेत त्यांना. विहीणबाई त्यात बसत नव्हत्या. म्हणजे 'पंत' म्हणणारं त्यांचं गाव आता त्यांच्या तोंडातच काय ते उरलं.

आपली घरं अशी उठवली गेलेली नाहीत, हे आपलं भाग्य. आमचे पूर्वज गायकवाडांबरोबर बडोद्याला आले, कुणी होळकरांबरोबर इंदूरला, कुणी शिंद्यांबरोबर ग्वाल्हेरला. तरी एक गोष्ट आपल्याला माहीत आहे. शाळा, दुकान, कचेरी सगळी दुसऱ्या भाषेत असताना घरात भाषा टिकते ती कशानं? हळदीकुंकवानं, आजीच्या गोष्टीनं, देवापुढच्या आरतीनं, आणि "मराठीत बोल" असं दहा वेळा सांगणाऱ्या एखाद्या खवट आत्यानं. पुस्तकं त्याला हातभार लावतात. म्हणून कुणी मला साधनांची यादी मागितली तर मी क्रेमर बाईंचं पुस्तक सांगते, फ्रीडमनचं व्याकरण सांगते, शब्दकोश आणि रेडिओ सांगते. त्यांच्याशिवाय मला पहिलं पाऊलही टाकता आलं नसतं, आणि 'झागिनाल'मधला तो शेवटचा ल माझ्या कानावरून तसाच गेला असता. पण यादीत एक नाव घरातलंही घाला. त्या घरात जी भाषा अजून बोलते ती म्हातारी बाई. आणि तिला आधी गाठा, कारण पुस्तक पुढच्या वर्षीही मिळेल.

जायच्या तयारीत असलेल्या विहिणींसाठी माझ्या अनुभवातल्या चार गोष्टी सांगते. पहिले पन्नास शब्द दुखणं, भूक, औषध, थंडी-ऊन यांचे घ्या, फुलाफळांचे नंतर. नात्यांचे शब्द लवकर घ्या, त्यांनी माणसं उघडतात. पुस्तकात एक आणि माणसाच्या तोंडी दुसरं आलं तर दोन्ही लिहा, कुठलंच खोडू नका. आणि फोनवर आवाज मुद्रित करून ठेवा, त्यांना विचारून. आमच्याकडे आता विहीणबाईंच्या आवाजात अंकगणती आहे, दोन अंगाई आहेत, वांग्या-मिरचीच्या लोणच्याची कृती आहे आणि गावातल्या सतरा घरांची नावं आहेत.

मी परत बडोद्याला आले त्याला चार महिने झाले. वहीची एक प्रत तिकडे ठेवली, एक इकडे आणली. जावयांनी तिकडच्या प्रतीत पाचवा रकाना आखला आहे, सिरिलिकचा. मागच्या रविवारी फोनवर नातीनं तोंड उघडून मला पडलेला दात दाखवला. मी विचारलं, "काय पडलं गं?"

म्हणाली, "झंब."

मागून विहीणबाईंचा हसण्याचा आवाज आला.